नागपूरहून परदेशी जाणाऱ्या शिक्षकांना तिकडे शाळेत नोकरी मिळते का? अनुभवी लोकांनी कृपया सांगावे

रेशीमबागची_बाई (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मिस्टरांची मिहानमधल्या कंपनीतून इंग्लंडला, लीड्सला बदली झाली आहे. दिवाळीनंतर निघायचं ठरतंय. मुलगी सहावीत आहे. माझा व्हिसा डिपेंडंट राहील, पण त्यावर नोकरी करता येते असं कंपनीच्या माणसाने सांगितलं.

मी बी.एस्सी. (फिजिक्स, मॅथ्स), बी.एड. आहे. अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान आणि गणित शिकवते. कायम आहे. घरचे सगळे म्हणतात की तिकडे गेल्यावर काही दिवस आराम कर, घर सांभाळ. मला आराम नको आहे. मला शिकवायचं आहे. मागच्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिंबू, तांब्याची तार आणि खिळा घेऊन घड्याळ चालवून दाखवलं, आणि तेव्हापासून मनात एकच येतं की हे सगळं मला कायमचं सोडावं लागणार का.

विचारायचं हे की आपली बी.एड. तिकडे धरतात का? मराठी माध्यमात शिकवल्याचा अनुभव मोजतात का? राजीनामा द्यावा की रजा घ्यावी? आणि निघण्याआधी नागपुरातूनच कोणकोणते कागद करून घ्यावेत?

कुणी इतर देशांत हे केलं असेल तर त्यांनीही लिहावं. माझ्या दोन मैत्रिणी कॅनडाच्या तयारीत आहेत, त्यांनाही दाखवीन.

---

धंतोली_ते_डॉन्कास्टर (इंग्लंड)

ताई, तुमचे विषय गणित आणि फिजिक्स आहेत ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. इथे फिजिक्सच्या शिक्षकांचा तुटवडा वर्षानुवर्षं आहे आणि गणिताचीही तीच गत. मी गणित शिकवते, बी.एड. नागपूरची.

इंग्लंडमध्ये पात्र शिक्षकाच्या दर्जाला क्यूटीएस म्हणतात. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना त्यासाठी थेट सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. मात्र तो रस्ता सगळ्यांना खुला नाही. भारतातल्या शिक्षकांसाठी अट अशी की ११ ते १६ वयाच्या मुलांना विज्ञान, गणित किंवा भाषा शिकवायची तुमची पात्रता हवी. इतिहास-भूगोलवाल्यांना आणि प्राथमिकच्या शिक्षकांना या दाराने येता येत नाही. तुम्ही आठवी ते दहावीला विज्ञान-गणित शिकवता, म्हणजे बरोबर बसता. शिवाय पदवी हवी, शिक्षक-प्रशिक्षण इथल्या पदवीच्या पातळीचं हवं, पात्र झाल्यानंतर साधारण एका शालेय वर्षाचा अनुभव हवा, इंग्रजी बी२ पातळीचं (भाषा मोजायच्या युरोपीय श्रेणीत वरची मध्यम पातळी) हवं, आणि तुमच्यावर शिक्षक म्हणून कुठली कारवाई झालेली नाही असं पत्र हवं. स्कॉटलंड आणि वेल्सच्या संस्था वेगळ्या, नियमही वेगळे. लीड्स इंग्लंडमध्ये आहे, म्हणून त्यांचा विचार तुम्ही करू नका.

अर्ज नागपुरात बसून करता येतो. इथे येईपर्यंत थांबायचं कारण नाही. क्यूटीएस हातात असलेला अर्जदार आणि नसलेला अर्जदार यांच्याकडे शाळा अगदी वेगळ्या नजरेने बघते. पगारातही फरक पडतो. २०२४-२५ या शालेय वर्षात लंडनबाहेर पात्र शिक्षकाचं सुरुवातीचं वेतन वर्षाला ३१,६५० पौंड होतं, अपात्र शिक्षकाची वेतनश्रेणी त्याच्या बरीच खाली.

क्यूटीएस यायला उशीर लागला तरी परदेशात प्रशिक्षण झालेल्या शिक्षकाला सरकारी शाळेत चार वर्षांपर्यंत त्याशिवाय शिकवता येतं. खाजगी शाळांना तर ती अटच नाही.

आता वेळेचं गणित, कारण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. इथे शिक्षक वाटेल तेव्हा शाळा सोडत नाहीत. राजीनाम्याच्या ठरलेल्या तारखा आहेत. ३१ ऑक्टोबरपर्यंत दिला तर डिसेंबरअखेर सुटका, फेब्रुवारीअखेर दिला तर एप्रिलमध्ये, आणि ३१ मेपर्यंत दिला तर ऑगस्टअखेर. म्हणून सप्टेंबरपासूनच्या जागांच्या जाहिराती फेब्रुवारीत सुरू होतात आणि मार्च ते मे सगळा बाजार भरलेला असतो. तुम्ही नोव्हेंबरमध्ये आलात तर जानेवारीच्या थोड्या जागा आणि बदली शिक्षकाचं काम मिळेल. खरी संधी पुढच्या मार्च-एप्रिलची. तोवर हाताशी कागद तयार ठेवा आणि घाबरून जाऊ नका.

---

गोकुळपेठ_गणित (नागपूर)

हे बदली शिक्षकाचं काम म्हणजे रोजंदारी का?

---

धंतोली_ते_डॉन्कास्टर

हो, दिवसाच्या हिशेबाने. एजन्सीकडे नाव नोंदवायचं. सकाळी सातला फोन येतो की अमुक शाळेत आज जा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि नाताळात काही मिळत नाही, हे धरून चाला. पण त्याचा फायदा मोठा आहे. वेगवेगळ्या शाळा आतून बघायला मिळतात आणि एखाद्या शाळेला तुमचं काम आवडलं तर ते नाव घेऊन बोलावतात. मला कायमची जागा अशीच मिळाली.

---

निवृत्त_मुख्याध्यापक_प्रतापनगर (नागपूर)

ताई, कागदांबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या हाताखालच्या बऱ्याच शिक्षिका लग्नानंतर किंवा यजमानांच्या बदलीमुळे बाहेर गेल्या. त्यांची कागदपत्रं मीच सही करून दिली आहेत, त्यामुळे कुठे अडतं ते माहीत आहे.

सर्वात आधी नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं, बी.एड.वर सासरचं, पासपोर्टवर वडिलांच्या नावाशिवाय, असं आपल्याकडे घरोघरी असतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र मनपाकडून काढलं नसेल तर आधी ते काढा. नाव खरंच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची जाहिरात ऑनलाइन अर्ज करून छापता येते, ती प्रत जपून ठेवा. परदेशातला तपासनीस दोन नावं बघून थांबतो आणि दुवा जोडणारा कागद मागतो. तो कागद तुमच्याकडे असायला हवा.

दुसरं, अनुभव प्रमाणपत्र. आपण शाळेत देतो तसं "सदर शिक्षिका या शाळेत दिनांक अमुकपासून कार्यरत असून त्यांची वर्तणूक चांगली आहे" एवढं पुरत नाही. इंग्रजीत, शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह घ्या. त्यात पद, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याच्या तासिका, कोणते विषय, कोणत्या इयत्ता, त्या मुलांचं वय किती ते किती, शाळेचं माध्यम आणि शाळेला शासनाची मान्यता असल्याचा उल्लेख, एवढं सगळं हवं. मुलांचं वय लिहायला लोक विसरतात. "क्लास नाइन" म्हणजे तिकडच्या माणसाला काही बोध होत नाही, "वय १४ ते १५" म्हटलं की लगेच कळतं. सहीच्या खाली मुख्याध्यापकांचं नाव स्पष्ट अक्षरात आणि गोल शिक्का.

याला जोडून सेवापुस्तकाच्या पहिल्या पानांची आणि नियुक्ती मान्यतेच्या आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता हा तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे. आपल्याकडे डॉक्टर-वकिलांसारखी शिक्षकांची नोंदणी परिषद नाही, त्यामुळे बाहेरचे लोक "तुमचं लायसन्स दाखवा" म्हणतात तेव्हा आपल्या शिक्षकाकडे दाखवायला काही नसतं. अशा वेळी शासनाचा सहीशिक्क्याचा कागद कामी येतो.

तिसरं, बी.एड. महाविद्यालयाकडून सराव पाठांचं प्रमाणपत्र. पूर्वीच्या एक वर्षाच्या बी.एड.ला आपण "इतके पाठ घेतले" असं लिहून द्यायचो. बाहेरच्या संस्था पाठ मोजत नाहीत, दिवस किंवा आठवडे मोजतात. प्राचार्यांना विनंती करून प्रत्यक्ष शाळेत मार्गदर्शकाखाली किती दिवस शिकवलं ते इंग्रजीत लिहून घ्या. ज्यांची बी.एड. २०१५ नंतरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची आहे त्यांना हे सोपं जाईल, कारण त्यात वीस आठवड्यांची इंटर्नशिप ठरलेलीच आहे.

विद्यापीठाच्या गुणपत्रिकांच्या ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन जास्तीचे संच काढा, बंद लिफाफ्यात, लिफाफ्याच्या तोंडावर सही-शिक्का. तो लिफाफा तुम्ही फोडायचा नाही. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयाकडून निघतं, पण ते लवकर काढू नका, त्याला मुदत असते. निघायच्या आधी शेवटच्या दीड-दोन महिन्यांत काढा.

अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावेत म्हणून मारून घ्यायच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यासाठी, एजंट पैसे मागतील. तुमच्या देशाने मागितलं असेल तरच करा. पुष्कळांनी सगळ्या कागदांवर शिक्के मारून पैसे घातले आणि तिकडे कुणी ते बघितलंही नाही.

---

रेशीमबागची_बाई

सर, तुमचे आभार कसे मानू. हे सगळं वहीत उतरवून घेतलं. डॉन्कास्टरच्या ताई, तुमचेही. दोन शंका आहेत. माझं बी.एस्सी. इंग्रजीत झालं, बी.एड. मराठीत. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल का? आणि मुलाखत कशी होते? वर्गात इंग्रजीतून बोलायची भीती वाटून राहिली आहे, खरं सांगते.

---

धंतोली_ते_डॉन्कास्टर

पदवी इंग्रजीत झाली असेल तर विद्यापीठाकडून माध्यमाचं पत्र चालतं. ते मिळायला वेळ जात असेल तर मान्यताप्राप्त इंग्रजी परीक्षा द्या, बी२ पातळी तुम्हाला अवघड नाही. पत्र आणि परीक्षा यांपैकी जे लवकर होईल ते करा.

मुलाखतीबद्दल मनापासून लिहिते, कारण आपले शिक्षक विषयात कधीच कमी पडत नाहीत. कमी पडतात ते इथल्या शाळेच्या रीती माहीत नसल्यामुळे.

पहिली गोष्ट, बायोडेटा पाठवायचा नाही. प्रत्येक शाळेचा स्वतःचा अर्ज असतो आणि तोच भरायचा. त्यात शिक्षण संपल्यापासून आजपर्यंतचा प्रत्येक महिना कुठे होता ते लिहावं लागतं. बाळंतपणाची सुट्टी, सासूबाईंच्या आजारपणात घरी होते, प्रवासात होते, सगळं स्पष्ट लिहा. मुलांच्या सुरक्षिततेचा नियम म्हणून रिकाम्या जागेचं कारण त्यांना विचारावंच लागतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसरं, दोन संदर्भ, म्हणजे तुम्हाला ओळखणाऱ्यांनी तुमच्या कामाबद्दल शाळेला कळवलेलं मत. त्यातला एक सध्याच्या किंवा शेवटच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा. शाळा थेट त्यांना ईमेल करते आणि वैयक्तिक जीमेलवरून आलेल्या उत्तरावर लगेच विश्वास ठेवत नाही. निघण्याआधी शाळेचा अधिकृत ईमेल चालू आहे का, तो कोण उघडतं, हे बघून घ्या. आणि ताई, इथे एक मोठी अडचण आहे. आमच्याकडे मुलाखतींची गर्दी एप्रिल-मेमध्ये असते आणि संदर्भ मुलाखतीच्या आधीच मागवतात. तेव्हा आपल्या विदर्भात शाळांना उन्हाळ्याची सुट्टी. नवतपाच्या भर उन्हात शाळेचं ऑफिस कोण उघडणार? विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्याही नंतर, जूनच्या अखेरीस सुरू होतात, तोवर इथली जागा भरलेली असते. म्हणून मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून ठेवा की एप्रिल ते जून या काळात इंग्लंडहून ईमेल येईल, कृपया दोन दिवसांत उत्तर द्या. त्यांचा फोन नंबरही अर्जात लिहा.

तिसरं, नमुना पाठ. मुलाखतीच्या दिवशी अनोळखी वर्गावर साधारण वीस-तीस मिनिटांचा पाठ घ्यायला लावतात, मागे दोन जण बसून लिहून घेतात. विषय आधी कळवतात. मला नववीच्या वर्गावर गुणोत्तराचा पाठ दिला होता. वर्गात पाऊल टाकल्यावर मी प्रत्येक मुलाच्या हातात छोटी पांढरी पाटी आणि मार्कर दिला, फळ्यावर सरबताचं एक उदाहरण लिहिलं, दोन भाग संत्र्याचा रस आणि पाच भाग पाणी, सातशे मिलिलिटरमध्ये रस किती? सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरायचं. कुणाचं बरोबर, कुणाचं चुकलं, हे सगळ्या वर्गाचं एका नजरेत दिसतं. बऱ्याच जणांनी तीनशे पन्नास लिहिलं होतं. मी तिथेच थांबले, पुढचं गणित बाजूला ठेवलं आणि सात चौकोन काढून त्यातले दोन रंगवले. मग पाट्या पुन्हा वर, आणि या वेळी बहुतेकांवर दोनशे. नंतर विभागप्रमुख म्हणाल्या की तुम्ही थांबलात म्हणून आम्ही तुम्हाला घेतलं.

हेच बघतात. तुम्ही किती शिकवलं यापेक्षा मुलांना कळलं नाही हे तुम्हाला कधी कळलं, आणि मग तुम्ही काय केलं. आपल्याकडे साठ मुलांच्या वर्गात हे दररोज नजरेने करतोच आपण, इथे ते दिसेल असं करायचं. उच्चाराची भीती सोडा. सावकाश, छोट्या वाक्यांत बोला, महत्त्वाचे शब्द फळ्यावर लिहा.

आणि एक प्रश्न हमखास येतो. एखाद्या मुलाने तुम्हाला येऊन सांगितलं की घरी मला मारतात, तर काय कराल? उत्तर ठरलेलं आहे. मुलाचं शांतपणे ऐकायचं, कुणाला सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि शाळेतल्या नेमून दिलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याला लगेच कळवायचं. स्वतः पालकांना फोन करायचा नाही. आपल्याकडे वर्गशिक्षक आईला बोलावून समजावतो, त्या सवयीने उत्तर दिलं तर तिथेच नापास.

---

दिघोरीचा_भाऊ (नागपूर)

ताई एकच नंबर माहिती देऊन राहिल्या. माझी बायको डी.एड. आहे, बी.ए. पण केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीला आहे. आमचं पुढच्या वर्षी जायचं चालू आहे. तिचं काय होईल?

---

धंतोली_ते_डॉन्कास्टर

भाऊ, स्पष्ट सांगते. डी.एड. ही बारावीनंतरची पदविका आहे, म्हणून इंग्लंडमध्ये थेट क्यूटीएस मिळणार नाही, आणि प्राथमिकच्या शिक्षकांना तो रस्ता तसाही बंद आहे. पण तिचा वर्गाचा अनुभव वाया जात नाही. शाळांत टीचिंग असिस्टंटच्या जागा भरपूर असतात. लहान मुलांत काम केलेली बाई त्यांना हवीच असते. बी.ए. आहे म्हणजे नंतर इथे शिक्षक-प्रशिक्षण करता येईल, पगार घेत करायचेही मार्ग आहेत.

---

कोराडी_ते_कॅलगरी (कॅनडा)

असिस्टंटच्या नोकरीबद्दल मला वेगळं वाटतं. माझ्या ओळखीतल्या दोन बायका, दोघी आपल्याकडे दहा-बारा वर्षं शिकवलेल्या, तात्पुरतं म्हणून असिस्टंट झाल्या आणि त्यातच राहिल्या. घर, मुलं, थंडी, आणि मग अर्ज करायचं राहूनच जातं. जिची बी.एड. आहे तिने थेट शिक्षकाच्या जागेसाठीच धडपडावं असं माझं मत.

---

धंतोली_ते_डॉन्कास्टर

तुमचं म्हणणं पटतं, पण पूर्ण नाही. मीही काही महिने असिस्टंट होते. दुसऱ्याच्या वर्गात कोपऱ्यात बसून एका मुलाचं पेन धरायला मदत करताना मन खूप दुखायचं. पण इथल्या वर्गात मुलांना शिस्त कशी लावतात, अपंग आणि मंदगती मुलांसाठी वेगळी योजना कशी लिहितात, हे तिथेच शिकले, आणि पहिला इंग्लंडमधला संदर्भही तिथेच मिळाला. ताईने तसं काम घेतलं तर क्यूटीएसचा अर्ज त्याच वेळी चालू असला पाहिजे आणि येणाऱ्या मार्चमध्ये शिक्षकाच्या जागांसाठी अर्ज गेलेच पाहिजेत. ही अट स्वतःला घालूनच घ्यावी.

---

कोराडी_ते_कॅलगरी

हे मान्य.

कॅनडाबद्दल ताईंच्या मैत्रिणींसाठी लिहितो. इथे पूर्ण देशाचं एक लायसन्स नाही, प्रत्येक प्रांताचं वेगळं. माझी बायको अल्बर्टात शिकवते, बहीण ओंटारियोत. ओंटारियोत ऑन्टारियो कॉलेज ऑफ टीचर्स ही संस्था प्रमाणपत्र देते. नाव कॉलेज असलं तरी ती नियामक संस्था आहे. सप्टेंबर २०१५ पासून तिथली शिक्षक-पदवी चार सेमिस्टरची झाली. ज्यांची आपल्याकडची जुनी एक वर्षाची बी.एड. आहे त्यांना काही अटींवर प्रमाणपत्र मिळू शकतं आणि राहिलेले विषय नंतर पूर्ण करावे लागतात. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट त्यांच्याकडे जावं लागतं, तुमच्या हातून नाही.

लोकांचा गोंधळ इथे होतो. इमिग्रेशनसाठी जे शैक्षणिक मूल्यांकन करतो, ते झालं म्हणजे शिक्षकाचं लायसन्स मिळालं असं नाही. दोन्ही कामं वेगळी, दोन्हींची फी वेगळी, दोन्हीला लागणारा वेळ वेगळा. २०२५ मध्ये एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायम वास्तव्यासाठी अर्जदार निवडायच्या सरकारी योजनेत, शिक्षण क्षेत्राचा वेगळा गट आला, त्यात शिक्षकही आहेत, पण पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाला तरी प्रांताचं प्रमाणपत्र नसेल तर सरकारी शाळेत उभं राहता येत नाही.

मैत्रिणींना सांगा, आधी प्रांत ठरवा, मग त्या प्रांताच्या संस्थेकडे नागपुरातूनच अर्ज सुरू करा. आणि फ्रेंच येत असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा, फ्रेंचच्या शिक्षकांना इथे फार मागणी आहे.

---

मेलबर्नची_वैदर्भीय (ऑस्ट्रेलिया)

आमच्याकडेही दोन वेगळी दारं. कुशल व्हिसासाठी एआयटीएसएल ही संस्था पात्रता तपासते, आणि शिकवायला लागण्यासाठी राज्याची नोंदणी लागते, व्हिक्टोरियात व्हीआयटी, न्यू साउथ वेल्समध्ये नेसा. ताईसारखी डिपेंडंट म्हणून आलेली असेल तर पहिलं लागत नाही, दुसरं लागतंच.

एकूण चार वर्षांचं उच्च शिक्षण धरतात. म्हणून तीन वर्षांची पदवी आणि एक वर्षाची बी.एड. असलेले आपले लोक काठावर बसतात, पण बसतात. सराव अध्यापन किमान ४५ दिवसांचं हवं. प्रतापनगरच्या सरांनी दिवस लिहून घ्या म्हटलं ते याचसाठी. एआयटीएसएलसाठी आयईएलटीएस ॲकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन आणि लेखनाला ७, पण ऐकणं आणि बोलणं यांना ८ लागतात. शिक्षकाला बोलण्यात ८ मागतात हे ऐकून लोक घाबरतात. मी रोज रेडिओवरच्या बातम्या ऐकून मोठ्याने परत सांगायचे, त्याचा फार उपयोग झाला.

इथल्या मराठी मंडळाच्या शनिवार-रविवारच्या शाळेत शिकवायला सुरुवात करा, असं प्रत्येक नवीन शिक्षिकेला सांगते. पैसा नसतो किंवा नावापुरता असतो, पण मुलांसोबत काम करायचा परवाना काढावा लागतो, इथे वाढलेल्या मुलांच्या वर्गाची सवय होते, आणि तुम्हाला वर्गात बघितलेला एक स्थानिक माणूस संदर्भ द्यायला मिळतो. उत्तर अमेरिकेतही मंडळांच्या अशा शाळा आहेत.

---

सदर_शारजा (यूएई)

आखातासाठी थोडक्यात. इथे सीबीएसईच्या शाळा पुष्कळ, त्यामुळे आपला अनुभव जसाच्या तसा कामी येतो. बी.एड. मागतात. पगार इंग्रजी किंवा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा कमी. कागदांना अपोस्टिल चालत नाही, राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दूतावास आणि शेवटी इथलं मंत्रालय अशी साक्षांकनाची पूर्ण साखळी करावी लागते. मूळ पदवी प्रमाणपत्र हातात नसेल, नुसतं तात्पुरतं असेल, तर निघण्याआधी मूळ काढा. याच एका कागदासाठी इथून सुट्टी काढून नागपूरला जाणारे लोक मी पाहिले आहेत.

---

अजनी_ॲन (जर्मनी)

जर्मनीचा विचार करणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी समजून घ्या. इथे शाळेतला शिक्षक दोन विषयांचा असतो, आणि शिकवण्यासाठी जर्मन सी१-सी२ पातळीचं, म्हणजे भाषेच्या सगळ्यात वरच्या दोन पातळ्यांचं, लागतं. भाषेला काही वर्षं द्यायची तयारी असेल तरच. आंतरराष्ट्रीय शाळा इंग्रजीत शिकवतात, पण जागा कमी.

---

लक्ष्मीनगर_७८ (नागपूर)

माझं बी.एड.चं कॉलेजच बंद पडलं आहे. सराव पाठांचं प्रमाणपत्र कुणाकडून घेऊ?

---

निवृत्त_मुख्याध्यापक_प्रतापनगर

ते कॉलेज ज्या विद्यापीठाशी संलग्न होतं त्या विद्यापीठाकडे लेखी अर्ज करा, गुणपत्रिकांच्या प्रती जोडा आणि आवक क्रमांक घ्या. त्याचबरोबर ज्या शाळेत सराव पाठ घेतले त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. जुनं हजेरीपुस्तक किंवा पाठांची वही असेल तर ते त्यावरून पत्र देऊ शकतात. स्वतःची पाठ टाचणाची वही जपून ठेवली असेल तर प्रत्येक पानावर मार्गदर्शकाची सही आणि तारीख असते, ती स्कॅन करा. बर्डीवर झेरॉक्सवाल्यांकडे बांधीव वहीसुद्धा नीट स्कॅन करून देतात, पानं सुटी करू नका.

---

रेशीमबागची_बाई

सर्वांचे मनापासून आभार. माझी टाचणाची वही आईच्या घरी, महाल भागात, ट्रंकेत आहे, रविवारी आणते. राजीनाम्याचं तेवढं राहिलं. सर, काय करू?

---

निवृत्त_मुख्याध्यापक_प्रतापनगर

ताई, हा तुमचा आणि यजमानांचा निर्णय, मी फक्त नियम सांगतो. खाजगी अनुदानित शाळेतल्या कायम कर्मचाऱ्याला १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दिवाळीनंतर निघायचं तर दिवस फार उरलेले नाहीत. राजीनाम्याच्या दोन प्रती करा, दोन्हींवर तारीख घालून सही करा, एक संस्थेला रजिस्टर पोस्टाने (आता ते स्पीड पोस्टातच नोंदणीसह जातं) पाठवा, दुसरी स्वतःजवळ ठेवा. १९७७ च्या अधिनियमात तसंच सांगितलं आहे. तोंडी सांगून किंवा मुख्याध्यापकांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून निघून जाऊ नका. सेवा सोडून गेल्याचा शेरा सेवापुस्तकात पडला तर तिकडच्या चारित्र्याच्या पत्रावर त्याची सावली पडते.

रजा हवी असेल तर बिनपगारी असाधारण रजेचा अर्ज द्या. ती देणं संस्थेच्या हातात आहे, हक्क म्हणून मागता येत नाही. आणि रजेवर असताना संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय दुसरीकडे पगारी नोकरी धरायची नाही. म्हणजे रजा मिळाली तर लीड्समध्ये पहिले काही महिने क्यूटीएस, इंग्रजी आणि अर्ज यांत घालवा, मराठी शाळेत विनामूल्य शिकवा, शाळा आतून बघा. तिकडची जागा पक्की झाली की इकडे रीतसर राजीनामा पाठवा. नोटीस रजेत मोजली जाईल का हे रजा मंजूर करून घेतानाच संस्थेकडून लिहून घ्या.

अनुभव प्रमाणपत्राचा इंग्रजी मसुदा मी करून देतो. संध्याकाळी घरीच असतो. निरोप पाठवा, पत्ता देतो. येताना नियुक्ती मान्यतेचा आदेश घेऊन या.